आरशात उलटलेला गणपती

सोमाटणे फाट्याला जुना मुंबई-पुणे रस्ता सोडला की थोड्याच वेळात शिरगाव लागतं. मावळ तालुक्यातलं, पवनेच्या खोऱ्यातलं हे गाव दूरदूरच्या लोकांना ठाऊक आहे ते ‘प्रतिशिर्डी’ या नावानं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शिर्डीपर्यंत जाणं ज्यांना जमत नाही, ते इथल्या साईमंदिरात येतात आणि समाधानानं परततात.

मुलांच्या पुस्तकांबद्दलचं हे प्रकरण मी शिरगावातून सुरू करते आहे, ते ‘प्रति’ या शब्दासाठी. पुस्तकाच्या धंद्यात आपण ‘प्रत’ म्हणतो. हजार प्रतींची आवृत्ती, लेखकाची प्रत, मळलेली प्रत. दोन्ही शब्द एकाच घरातले. मुळापर्यंत ज्याला पोहोचता येत नाही, त्याच्यापर्यंत मुळानंच चालत जावं, ही दोन्हींमागची इच्छा.

शिर्डीच्या समाधिमंदिरातली संगमरवरी मूर्ती शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी घडवली. १९५४ साली ती बसवली गेली आणि साईबाबा कसे दिसतात हे त्या एका मूर्तीनं देशभर ठरवून टाकलं. डोक्याला बांधलेलं फडकं, उजवा पाय डाव्या मांडीवर टाकलेला, नजर समोर. एवढं दिसलं की भाविक हात जोडतो. मंदिर गोदाकाठच्या कोरड्या मुलखात आहे की मावळातल्या भातखाचरांशेजारी, हे तो बघत नाही. जागा बदलली तरी ओळख टिकली. उद्या कुणी डावा पाय उजव्या मांडीवर असलेली मूर्ती घडवली तर? भाविक थबकेल. काय चुकलंय ते त्याला सांगता येणार नाही कदाचित, पण चुकलंय हे कळेल.

मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ दुसऱ्या देशात निघतं, तेव्हा हाच प्रश्न समोर येतो. काय बदललं तर चालेल आणि काय बदललं तर मूळ ओळखूच येणार नाही? मजकुराचं भाषांतर करावं लागतं हे सगळ्यांना मान्य असतं. चित्राबद्दल मात्र ‘चित्राला कुठे भाषा असते’ असं सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. चित्राला डावं-उजवं असतं, ऋतू असतो, पोशाख असतो, घरातली वडीलधारी माणसं असतात. आणि मुखपृष्ठावर तर चित्राच्या जोडीला अक्षरंही असतात.

परका वाचक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लंडन-न्यूयॉर्कचं मूल येतं. पण पुस्तकांच्या बाबतीत दीर्घकाळ परका वाचक होतं ते मराठी मूल. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची मराठी पुस्तकं ज्यांनी लहानपणी हाताळली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मजकूर मराठी, छपाई तिकडची, कागद गुळगुळीत, किंमत खिशाला परवडणारी. आणि मुखपृष्ठं? थेट रशियन. कानटोप्या घातलेली मुलं, बर्चची पांढरी खोडं, बर्फात रुतलेली लाकडी घरं, समोवारातून निघणारी वाफ. मराठी मुलांसाठी म्हणून कुणी त्या बर्फाचा पाऊस केला नाही की कानटोपीचा फेटा केला नाही. ज्या मुलांनी आयुष्यात कधी बर्फ पाहिला नव्हता, त्यांनी ती पुस्तकं उराशी धरली. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि तो ओघ आटला, पण ती पुस्तकं अजूनही जुन्या कपाटांतून जपलेली सापडतात.

या अनुभवातून मी एक गोष्ट धरून चालते. अनोळखी चित्राची भीती मुलांना फारशी नसते. ती असते पुस्तक विकणाऱ्या मोठ्या माणसांना.

‘तोत्तोचान’चंच पाहा. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानमध्ये १९८१ साली आलं आणि मराठीत चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादातून, नॅशनल बुक ट्रस्टतर्फे पोहोचलं. त्यातली चित्रं चिहिरो इवासाकी यांची आहेत. त्या १९७४ सालीच वारल्या होत्या. म्हणजे ही चित्रं या पुस्तकासाठी काढलेलीच नव्हती. इवासाकींनी मागे ठेवलेल्या मुलांच्या शेकडो चित्रांमधून ती निवडली गेली. ओल्या कागदावर पसरत गेलेले जलरंग, कडा विरघळलेल्या, आणि त्यातून आपल्याकडे बघणारे दोन काळेभोर डोळे. आता मराठी शाळाशाळांतले शिक्षक तोत्तोचानला आपल्याच वर्गातली मुलगी मानतात. तिला दोन वेण्या घालाव्यात, कपाळावर टिकली लावावी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मूळ जपानी नावात मात्र एक खिडकी आहे: ‘खिडकीजवळची तोत्तोचान’. वर्गाच्या खिडकीशी उभं राहून रस्त्यावरच्या बँडवाल्यांना हाका मारणारी मुलगी, हा त्याचा सरळ अर्थ. पण त्या काळी जपानी कचेऱ्यांमध्ये ज्यांना काम न देता बाजूला सारलं जाई त्यांनाही ‘खिडकीजवळचे’ म्हणत. शाळेनं नको म्हटलेल्या मुलीसाठी लेखिकेनं तो शब्द जाणून वापरला. मराठीत ही दुसरी छटा आणणं अशक्यच होतं, म्हणून मराठी नावात नुसतं ‘तोत्तोचान’ राहिलं. खिडकी गेली, चित्र राहिलं. आणि चित्रातल्या त्या नजरेत, कुठेतरी बाहेर बघणाऱ्या, खिडकीचं काहीतरी उरलं आहे असं मला नेहमी वाटतं.

याच्या उलट टोकाला आपल्याकडची रूपांतराची परंपरा. भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) ज्यूल व्हर्न मराठी मुलांना वाचायला दिला, आणि लुईस कॅरलच्या ॲलिसला ‘जाई’ केलं. ‘जाईची नवलकहाणी’ या नावाचं पुस्तक हातात घेणाऱ्या मुलीला ती आपल्या वाड्यातलीच कुणी वाटली असणार. मुलीचं नाव जाई झालं की मुखपृष्ठावरच्या मुलीनंही जाईसारखं दिसायला हवं, हे ओघानं आलं. याला मी कमी लेखत नाही. ज्या काळात मराठी मुलांसाठी मुळात पुस्तकंच थोडी होती, त्या काळात हात धरून आत नेणारं कुणीतरी हवं होतं. शिवाय रूपांतर करता करता भागवतांच्या हातून फुरसुंगीचा बनेश फेणे जन्माला आला, तो कुणाचं रूपांतर नव्हता.

हॅरी पॉटरची गोष्ट या दोन टोकांच्या मधली. १९९७ साली लंडनच्या ब्लूम्सबरीनं पहिलं पुस्तक काढलं, त्याचं मुखपृष्ठ टॉमस टेलर या तरुण चित्रकाराचं पहिलंच व्यावसायिक काम होतं: लाल वाफेच्या इंजिनासमोर उभा, जरासा गोंधळलेला चष्मिष्ट मुलगा. पुढच्या वर्षी अमेरिकेत स्कोलास्टिकनं तेच पुस्तक काढलं, तेव्हा मेरी ग्रँडप्री यांच्या चित्रात हॅरी झाडूवर स्वार होऊन उडत होता. इंग्रजीच बोलणाऱ्या दोन देशांत, एकाच भाषेतल्या पुस्तकाला, दोन वेगळी मुखपृष्ठं. ब्रिटिश मुलांना शाळेला निघालेली गाडी दाखवली, अमेरिकन मुलांना जादू. नावही बदललं. मूळ नावातला ‘तत्त्वज्ञ’ मुलांना दूर लोटेल म्हणून अमेरिकेत तिथे ‘जादूगार’ आला. मराठीत बाळ ऊर्ध्वरेषे यांनी ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असं नाव दिलं आणि तिढाच सुटला. लोखंडाचं सोनं करणारा दगड आपल्या भाषेत शतकानुशतकं आहे. संतांच्या अभंगांतून आणि आजीच्या बोलण्यातून तो मुलांच्या कानावर आलेलाच असतो. बाहेरची वस्तू घरातच सापडावी, असा हा प्रकार. मुखपृष्ठ करणाऱ्यांना असे परीस क्वचितच मिळतात, पण शोधायचे ते हेच.

आता थोडं छापखान्यात जाऊ, कारण मुखपृष्ठाचे कितीतरी निर्णय कलेपेक्षा आधी यंत्र घेतं.

रंगीत छपाई चार रंगांत होते: निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट. अनेक भाषांत एकच चित्रपुस्तक काढायचं असेल तर सगळ्या आवृत्त्या एकत्र छापणं स्वस्त पडतं. पहिल्या तीन प्लेटा त्याच ठेवायच्या आणि फक्त काळी प्लेट बदलायची. काळ्यात अक्षरं असतात. एका भाषेच्या प्रती झाल्या की यंत्र थांबवायचं, काळी प्लेट काढून दुसऱ्या भाषेची चढवायची, पुन्हा सुरू. यासाठी अट एकच: सगळी अक्षरं निव्वळ काळी हवीत. लाल शीर्षक काढलं की दोन प्लेटांत ते उतरतं आणि दोन्ही बदलाव्या लागतात. गडद आकाशातून पांढरी अक्षरं कोरून काढली तर चारही प्लेटांत भोक पडतं, मग प्रत्येक भाषेसाठी सगळंच नव्यानं. मुलांच्या कितीतरी परदेशी पुस्तकांवर रंगीबेरंगी चित्रावर साधं काळं शीर्षक का दिसतं, याचं उत्तर बरेचदा इथे असतं.

एक चित्र आणि अनेक लिप्या ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९४७ साली मद्रासेत तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेलं ‘चंदामामा’ पुढे मराठीत ‘चांदोबा’ म्हणून आलं. चित्रं सगळ्या भाषांना तीच. मराठी मुलांनी त्यातली दाक्षिणात्य गोपुरं, जाड सोन्याचे दागिने, केसांतले भरघोस गजरे आपलेच मानले. आज चेन्नईचं तूलिका प्रकाशन मराठीसह नऊ भाषांत एकच चित्रपुस्तक काढतं. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर तर कुणीही गोष्ट आपल्या भाषेत नेऊ शकतो, आणि चित्र तेच राहतं.

लिपी बदलली की चित्रातली मोकळी जागाही बदलते, हे मात्र लक्षात येत नाही. देवनागरी अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात, रोमन अक्षरं पायाखालच्या रेषेवर उभी असतात. आपल्या ओळीवर वेलांटी-मात्रा चढतात, खाली उकार लोंबतात. रोमन शीर्षकासाठी सोडलेल्या पट्टीत मराठी शीर्षक बसवलं की एकतर अक्षरं बारीक करावी लागतात, नाहीतर मात्रा चित्रातल्या मुलाच्या केसांत शिरते. सुलेखनकार शिरोरेषेचं काय काय करतो! कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत आणि नियतकालिकांच्या शीर्षकांत ती रेषा नाचवली, तोडली, वाकवली. समजा चित्रकारानं शिरोरेषेचीच वाळत घालायची दोरी केली आणि अक्षरं कपड्यांसारखी लटकवली. मराठीत ते सुंदर दिसेल. रोमनमध्ये लटकायला दोरीच नाही. अशा वेळी शहाणा चित्रकार अक्षरांचा थर वेगळा ठेवतो आणि परदेशी आवृत्तीसाठी नवं काहीतरी सुचवतो. ज्यानं अक्षरं चित्रातच रंगवून टाकली, त्याच्यावर सगळं चित्र पुन्हा काढायची वेळ येते.

आणि मग दिशेचा प्रश्न, जो मला सगळ्यांत विलक्षण वाटतो.

अरबी, हिब्रू, उर्दू पुस्तकं उजवीकडून उघडतात. उभ्या ओळींत छापलेली जपानी पुस्तकंही. त्यासाठी परदेशी जायची गरज नाही. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर बालभारती आहे, २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेली. मराठीसोबत ती उर्दू माध्यमाचीही पाठ्यपुस्तकं काढते. मालेगावातलं उर्दू शाळेतलं मूल पुस्तक उघडतं ते उजवीकडून. त्याच्या पुस्तकाचा कणा उजव्या हाताला. मराठी पुस्तकाचं जे मलपृष्ठ, तिथे त्याचं मुखपृष्ठ.

अशा पुस्तकात चित्रातला मुलगा कुठे धावतो? आपल्याकडे तो डावीकडून उजवीकडे धावला की पुढे जातो, पान उलटायच्या दिशेनं. उजवीकडून उघडणाऱ्या पुस्तकात तोच मुलगा मागे पळाल्यासारखा, पुस्तकातून बाहेर निघाल्यासारखा दिसतो. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे चित्र आरशात धरल्यासारखं उलटं करणं. संगणकावर एका क्षणाचं काम.

आता त्या एका क्षणात काय काय घडतं ते मराठी चित्रावर करून पाहा. आजीच्या डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जाते. डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर. पंगतीत बसलेलं सगळं घर डाव्या हातानं जेवायला लागतं. फलंदाज डावखुरा होतो. दुकानाची पाटी वाचता येत नाही. आणि देव्हाऱ्यातला गणपती उजव्या सोंडेचा होतो. महाराष्ट्रात घराघरांत डाव्या सोंडेचा गणपती असतो. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक, त्याचं सोवळं-ओवळं फार, अशी समजूत. सिद्धटेकचा आणि प्रभादेवीचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचे म्हणून प्रसिद्ध आहेत. ज्या घराच्या देव्हाऱ्यात मूर्ती बसवताना सोंडेकडे दहा वेळा पाहिलं जातं, त्या घराचं चित्र तेल अवीवमधल्या संगणकावर कुणी नकळत उलटवतं आणि त्या घरातली आजी बिचारी नसलेल्या धर्मसंकटात पडते. शिर्डीच्या मूर्तीचा डावा पाय उजव्या मांडीवर आला तर काय होईल, हे मी सुरुवातीला म्हटलं ते याचसाठी.

हिब्रू वाचणाऱ्या मुलाला सोंडेचं काही कळणार नाही, मग काय बिघडलं, असं कुणी विचारेल. माझं उत्तर असं की पुस्तक फक्त वाचणाऱ्याचं नसतं, ज्यांच्याबद्दल ते आहे त्यांचंही असतं. चित्र उलटं करायचं असेल तर नुसतं उलटं करू नये. मुलाची धाव उलटवावी, पण नथ, पदर, हात आणि सोंड पुन्हा काढावी. यात चित्रकाराचे दोन दिवस जातील. ते द्यावेत.

परदेशी संपादकाची दुसरी नेहमीची अडचण म्हणजे चिन्हं. मराठी घराचं दार काढायचं तर उंबऱ्यावर रांगोळी येते, लक्ष्मीची पावलं येतात, आणि स्वस्तिक येतं. जर्मनीत नाझींची चिन्हं जाहीरपणे वापरणं हा कायद्यानं गुन्हा आहे. आपलं स्वस्तिक निराळं, कितीतरी जुनं, हे तिथल्या संपादकाला ठाऊक असतंही. पण मुखपृष्ठावर स्पष्टीकरण छापता येत नाही. पुस्तकांच्या दुकानात एखादी वृद्ध ज्यू बाई नातवंडासाठी पुस्तक शोधत असेल, आणि तिच्या डोळ्यांना ते चिन्ह आधी दिसेल. इथे मी बदलाच्या बाजूनं आहे. मुखपृष्ठावर लक्ष्मीची पावलं ठेवावीत, स्वस्तिक आतल्या पानात, जिथे गोष्ट त्याच्याबद्दल सांगू शकेल तिथे, ठेवावं. पावलांनी दार जास्तच घरगुती दिसतं.

पण मागितलेला प्रत्येक बदल मान्य करावा असं नाही. रोट्राउट सुझान बर्नर या जर्मन चित्रकर्तीची मोठाली, गजबजलेली चित्रपुस्तकं आहेत: एकेका पानावर अख्खं शहर. २००७ साली एका अमेरिकी प्रकाशकानं ती काढायचं ठरवलं आणि काही गोष्टी काढून टाकायला सांगितल्या: सिगारेट ओढणारी माणसं, आणि चित्रातल्या कलादालनात असलेला, मिलिमीटरांत मोजावा एवढा नग्न पुतळा. बर्नर यांनी नकार दिला. पुस्तक त्या वेळी तिथे निघालं नाही. नुकसान कुणाचं झालं? माझ्या मते अमेरिकेतल्या मुलांचं.

त्याहून गंभीर गोष्ट २००९ सालची. जस्टिन लारबालेस्टियर यांच्या ‘लायर’ या किशोर कादंबरीतली सांगणारी मुलगी कृष्णवर्णीय आहे. ऑस्ट्रेलियातल्या मुखपृष्ठावर चेहरा नव्हता, नुसती अक्षरं होती. अमेरिकी आवृत्तीच्या मुखपृष्ठावर मात्र चक्क एका गोऱ्या मुलीचा फोटो लावला गेला. लेखिकेनं जाहीर हरकत घेतली, वाचक खवळले, आणि मुखपृष्ठ बदलावं लागलं. काळा चेहरा खपत नाही हा धंद्यातला जुना समज त्यामागे होता. ज्या वाचकासाठी चेहरा बदलला जातो, त्या वाचकाबद्दल किती हलकं मत त्यात दडलेलं असतं! आपणही यातून सुटलेलो नाही. मराठी मुलांच्या पुस्तकांवरची मुलं त्यांच्या आयांपेक्षा आणि वाचणाऱ्या मुलांपेक्षा किती गोरी असतात, हे एकदा कपाटासमोर उभं राहून पाहावं. माधुरी पुरंदरे यांची चित्रं मला जवळची वाटतात ती यामुळे. त्यांची माणसं पुण्याच्या कुठल्याही गल्लीत भेटतील अशी दिसतात, पोट सुटलेली, केस विस्कटलेली, सावळी. २०१६ साली टाटा ट्रस्ट्सच्या परागनं ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार सुरू केला, तेव्हा लेखनासाठीचा पहिलाच मान त्यांना मिळाला.

मराठी मातीतलं चित्र काहीच न बदलता परदेशी गेल्याचं उत्तम उदाहरण वारल्यांचं आहे. जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आणि तिथून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चेन्नईच्या तारा बुक्सनं २००९ साली रमेश हेंगाडी आणि शांताराम धडपे या वारली चित्रकारांसोबत मुलांसाठी क्रियापदांचं एक पुस्तक केलं. नाव एका शब्दाचं: ‘डू!’, म्हणजे ‘कर!’ चित्रांत माणसं पेरतात, दळतात, नाचतात, पळतात. जाडसर तपकिरी कागदावर पांढरी चित्रं, हातानं स्क्रीन प्रिंटिंग केलेली. वारली घरांच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं पांढरं चित्र येतं. त्या भिंतीचं काम इथे कागदानं केलं. पालघरच्या पाड्यांवरची भिंत कुठल्याही समजावणीशिवाय परदेशी मुलाच्या बोटांखाली गेली. १९६४ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात मुलांच्या पुस्तकांची जत्रा सुरू झाली, देशोदेशीचे हक्क तिथे विकले-घेतले जातात. २०१३ साली तिनं तारा बुक्सला आशियातला सर्वोत्तम बालप्रकाशक म्हणून गौरवलं.

‘भीमायन’ही असंच धाडसी. २०११ साली नवयाननं काढलेल्या या पुस्तकात सातारा जिल्ह्यातला शाळकरी भीम आहे. तहानेलेला, मसूर स्थानकावर उतरलेला, वडिलांकडे गोरेगावला निघालेला. चित्रं मात्र मध्य प्रदेशातल्या गोंड परंपरेतली, दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. माणसांना चौकटीत कोंडायला त्यांनी नकार दिला. प्रेमळ बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं, विखारी बोलण्याला विंचवाची नांगी असते. लंडनच्या टेट या नामवंत कलासंस्थेनं हे पुस्तक परदेशी काढलं. जातीची उतरंड ज्या वाचकाला ठाऊक नाही, त्यालाही विंचू कळतो.

आता पुन्हा मावळात. समजा शिरगावच्या शिवारावर मुलांसाठी एक चित्रपुस्तक केलं. मुखपृष्ठावर जुलैमधली भातलावणी: गुडघाभर चिखल, पाठीवर इरली घेऊन वाकलेल्या बाया, मागे धुक्यात बुडालेला डोंगर. इंद्रायणी भाताचा वास त्या खाचरांना येतो, ते वाण १९८७ साली इथूनच जवळ, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलं. हे चित्र परक्या वाचकाला कळेल का?

कुठल्या परक्या वाचकाला, हे आधी विचारायला हवं. न्यूयॉर्कच्या मुलाला इरलं म्हणजे माणसाच्या पायांचं कासव वाटेल. वाटू दे, तेवढ्यासाठी ते पुस्तक उघडेल. दिल्लीतल्या मुलालाही इरलं ठाऊक नसेल. न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत जाणाऱ्या मुलीला ते आजीच्या फोटोत दिसलं असेल किंवा नसेलही, पण वरचं देवनागरी शीर्षक तिला अडखळत वाचावं लागेल, म्हणून तिच्यासाठी अक्षरं मोठी आणि सुटी हवीत. जपानमधल्या मुलाला मात्र काहीच सांगावं लागणार नाही. भाताची खाचरं त्याच्या देशात आहेत. पावसात पाठीवर घ्यायची गवताची ‘मिनो’ आणि डोक्यावरची ‘कासा’ त्यानं चित्रांत पाहिली आहे. बर्फात उभ्या असलेल्या दगडी जिझो देवांच्या डोक्यावर म्हातारा गवती टोप्या ठेवतो, ती लोककथा त्यानं लहानपणीच ऐकली आहे. इरलं बघून तो म्हणेल, हे आमच्याकडेही होतं. मावळचा पाऊस दिल्लीपेक्षा ओसाकाला जवळचा आहे.

त्या जपानी प्रतीसाठी चित्र उजवीकडून उघडायचं ठरलं तर बाया पानाच्या दुसऱ्या कडेला न्याव्या लागतील, डोंगराचा उतारही फिरवावा लागेल. पण लावणी करणारी बाई रोपांची मूठ डाव्या हातात धरते आणि उजव्या हातानं एकेक रोप चिखलात खोचते. डोंगर उलटला तरी तिचे हात नव्यानं काढायचे: मूठ डावीकडे, रोप उजवीकडे.